ओफीरला न पोचलेली गलबतं

मुलांनो, बायबलमधला शलमोन राजा तुम्हांला ठाऊक असेल. एका बाळावर दोन बायका हक्क सांगत आल्या आणि त्याने युक्तीने खरी आई ओळखली, तोच हा! आजची गोष्ट मात्र त्याच्या घराण्यात पुढे झालेल्या यहोशाफाट राजाची. नाव जरा जिभेला अवघड आहे खरं. इ.स.पू. नवव्या शतकात तो यरुशलेममध्ये राज्य करीत होता.

शलमोन गेला आणि त्याच्या राज्याची दोन शकलं झाली. उत्तरेला इस्राएल, दक्षिणेला यहूदा. यहोशाफाट यहूदाचा राजा. माणूस सरळ, देवभक्त. त्याने काय केलं, तर ५ सरदार, ९ लेवी आणि २ याजक अशी १६ जणांची तुकडी नियमशास्त्राचा ग्रंथ देऊन गावोगाव पाठवली. लोकांना आपला धर्म, आपले कायदे समजावेत म्हणून. न्यायाधीशांनाही त्याने बजावलं : लाच घ्यायची नाही, कुणाचं तोंड बघून निकाल द्यायचा नाही.

शेजारच्या इस्राएलात मात्र वेगळाच कारभार. तिथला राजा अहाब. त्याची राणी ईजबेल सीदोनची राजकन्या. तिच्या माहेरचे लोक म्हणजे फिनिशियन, त्या काळातले अव्वल दर्यावर्दी आणि पक्के व्यापारी. ईजबेल आली ती आपला बआल देव घेऊनच. अहाबानेही त्याचं देऊळ बांधलं. एकाच देवाशी एकनिष्ठ राहायचं, ही तर या लोकांची पहिली आज्ञा! यहोशाफाटाने तरीही अहाबाच्या घराण्याशी सोयरीक जोडली. आपला मुलगा यहोराम याला त्या घरची अथल्या करून घेतली. वर्षानुवर्षांचं वैर मिटलं, हा फायदा काही लहान नव्हे.

आता गलबतांकडे येऊ. अरबस्तानाच्या वायव्येला अकाबाचं चिंचोळं आखात आहे. त्याच्या टोकाशी एस्योन-गेबेर नावाचं बंदर होतं. तिथून शलमोनाची गलबतं सोन्यासाठी ओफीरला जात. गलबतांवर खलाशी कोण? सोरचा राजा हीराम याने दिलेले फिनिशियन! कारण डोंगरात शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांना समुद्राची काय माहिती? एका खेपेत ४२० किक्कार सोनं आलं, असं 'राजे' या ग्रंथात लिहिलं आहे. एक किक्कार म्हणजे साधारण ३० ते ३५ किलो. करा हिशेब!

हे ओफीर नेमकं कुठे, यावर विद्वान अजून वाद घालतात. कुणी अरबस्तान म्हणतं, कुणी आफ्रिका. काहींनी तर आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्याचं नाव घेतलं आहे. नावं जुळतात, पण तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही. ओफीर ही नुसती दंतकथा नव्हती, एवढं नक्की. आजच्या तेल अवीवमध्ये एक जुना खापराचा तुकडा सापडला. त्यावर 'ओफीरचं सोनं' अशी नोंद आहे, आणि वजन ३० शेकेल.

तेव्हा यहोशाफाटालाही वाटलं, पुन्हा ओफीर गाठावं. बंदराची वाट अदोम देशातून जायची आणि अदोम तेव्हा त्याच्या हाताखाली होता. एस्योन-गेबेरला गलबतं बांधून झाली. पण ती ओफीरला गेलीच नाहीत. बंदरातच फुटली! आखाताच्या दोन्ही बाजूंना डोंगर, पाण्याखाली पोवळ्याचे खडक, उत्तरेचा वारा जोरकस. पण नेमकं काय घडलं, ते ग्रंथात नाही.

खरी गंमत पुढेच आहे. अहाबानंतर त्याचा मुलगा अहज्या गादीवर आला होता. 'राजे' हा ग्रंथ म्हणतो, अहज्याने "माझी माणसं तुझ्या माणसांबरोबर जाऊ देत" असं म्हटलं, पण यहोशाफाटाने नकार दिला. पुढे लिहिलेला 'इतिहास' हा ग्रंथ म्हणतो, गलबतं बांधली तीच मुळी दोघांनी भागीदारीत! मग अलियेजर नावाच्या संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं, की तू अहज्याशी हातमिळवणी केलीस, म्हणून देव तुझं काम मोडून टाकील.

मग खरं काय? काही अभ्यासक दोन्हींची सांगड घालतात : आधी भागीदारी झाली, गलबतं फुटली आणि मग दुसऱ्यांदा विचारल्यावर राजा 'नको' म्हणाला. मला हे पटण्यासारखं वाटतं. चटका बसल्यावरच माणूस नाही म्हणायला शिकतो, राजा झाला म्हणून काय झालं!

व्यापारातली भागीदारी तर तुटली. सोयरीक मात्र कशी तुटणार? यहोशाफाट वारला. मुलगा यहोराम याच्या काळात अदोमने बंड केलं आणि समुद्राची वाट हातची गेली. यहोरामानंतर त्याचा मुलगा गादीवर आला, पण वर्षभरातच मारला गेला. तेव्हा त्याची आई अथल्या हिने राजवंशातल्या साऱ्यांची कत्तल करवून गादी बळकावली. यहोशाफाटाचा एक तान्हा पणतू, योवाश, तेवढा वाचला. यहोशेबा या त्याच्या आत्याने त्याला पळवलं आणि आजीच्या नजरेआड, यरुशलेमच्या मंदिरात, सहा वर्षं लपवून ठेवलं.