टोकियोचे वार्तापत्र : शांत घरातला राग

दिग्दर्शक हिरोकाझु कोरे-एदा यांचा २००८ सालचा ‘आरुइतेमो आरुइतेमो’ हा चित्रपट परदेशात ‘स्टिल वॉकिंग’ या नावाने गाजला. तिकडच्या समीक्षकांनी त्याची भरभरून स्तुती केली आणि पुष्कळांना तो पाहून जुने जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू आठवले. अमेरिकेचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनाही कोरे-एदांमध्ये ओझूंचा वारस दिसला. स्वतः कोरे-एदा मात्र आपले नाते जपानचेच दिग्दर्शक मिकिओ नारुसे आणि ब्रिटनचे दिग्दर्शक केन लोच यांच्याशी सांगतात. मला त्यांचेच पटते.

चित्रपटात थोरला मुलगा जुनपेई याच्या पुण्यतिथीला कुटुंब म्हाताऱ्या आईवडिलांकडे जमते. आई मक्याच्या दाण्यांचा तेंपुरा तळते. समाधीच्या दगडावर पाणी घालतात, बुत्सुदानात, म्हणजे घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यात, मुलाचा फोटो असतो. घरात शिरलेल्या पिवळ्या फुलपाखरात आईला जुनपेई दिसतो. कावळ्यात पितर पाहणाऱ्या आपल्याला ती परकी वाटायची नाही.

वडिलांचा दवाखाना जुनपेईने चालवायचा होता. घराण्याचा वारसा थोरल्याकडे जाण्याची पद्धत १९४७च्या दुरुस्तीने इथल्या कायद्यातून गेली, पण या म्हाताऱ्याच्या मनातून नाही. धाकटा र्योता बेकार, त्यात मूल असलेल्या विधवेशी लग्न केलेला. वडील त्याच्याशी धड बोलतही नाहीत.

जुनपेई बुडाला तो योशिओ नावाच्या मुलाला वाचवताना. तो योशिओ आता लठ्ठ, घामाघूम तरुण आहे आणि दर पुण्यतिथीला या घरी येऊन अवघडून बसतो. ‘आता त्याला नका बोलावू,’ असे र्योता सुचवतो. विणकाम न थांबवता आई सांगते, की वर्षातून एकदा तरी त्याला यातना व्हाव्यात, म्हणूनच बोलावते. आईच्या भूमिकेतल्या किरिन किकी हे आवाज न चढवता बोलतात, आणि अंगावर काटा येतो. एवढे पाहूनही चित्रपटाला ‘हळुवार’ म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते.

‘किनेमा जुम्पो’ या मान्यवर नियतकालिकाच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम जपानी चित्रपटांच्या यादीत हा पाचवा होता. पहिला आला ‘ओकुरिबितो’. त्यात मृतांना अखेरचा साज चढवणारा नायक शेवटी बापाला क्षमा करतो. पुढे ऑस्करही त्यालाच मिळाले. कोरे-एदांनी आपली पटकथा स्वतःची आई गेल्यावर लिहिली, तरी पडद्यावरच्या आईला क्षमाशील केले नाही. त्या वर्षीचा मोठा चित्रपट माझ्या मते हाच.