१७२ धावपटू डोंगरात गेले, २१ परतलेच नाहीत! चीनच्या त्या शर्यतीत नेमकं काय झालं होतं?

डोंगरातली लांबची शर्यत म्हटलं की आपल्याला वाटतं, सगळा खेळ दमाचा. पण २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात जे घडलं, त्यानं हा समज खोटा ठरवला.

बाईयिन शहराजवळच्या यलो रिव्हर स्टोन फॉरेस्ट परिसरात त्या सकाळी १०० किलोमीटरची शर्यत सुरू झाली. मे महिना, म्हणून बरेच जण टी-शर्ट आणि शॉर्ट्सवर होते. वारा अडवणारं जॅकेट जवळ ठेवणं सक्तीचं नव्हतं. अनेकांनी गरम कपडे पुढच्या चेकपॉईंटवर पाठवून दिले होते.

दुपारच्या सुमारास गारपीट, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. तेव्हा पुढचे धावपटू दुसऱ्या आणि तिसऱ्या चेकपॉईंटच्या मध्ये होते. हा टप्पा ८ किलोमीटरचा, चढण सुमारे १००० मीटर आणि गाडी जाईल असा रस्ताच नाही. म्हणजे मदत येणार तीही पायीच.

मग जीव कशानं गेले? हायपोथर्मियानं. शरीराचं आतलं तापमान साधारण ३७ अंश असतं. ते ३५ च्या खाली गेलं की धोका सुरू होतो. ओले कपडे आणि वारा अंगातली उष्णता झपाट्यानं पळवतात. पळताना शरीर ऊब तयार करत असतं, पण दमून वेग मंदावला की तीही कमी होते. आधी हुडहुडी भरते, मग जीभ अडखळते, शेवटी डोकं चालेनासं होतं. त्यामुळे 'मागे फिरावं' हेही सुचत नाही. आणि यासाठी बर्फच पडायला हवा असं नाही.

मृतांमध्ये लियांग जिंग हा चीनचा नावाजलेला अल्ट्रा धावपटूही होता. म्हणजे दम कमी पडला, असं म्हणायची सोयच नाही. दुसरीकडे, एका मेंढपाळानं सहा जणांना आपल्या गुहेत नेलं, शेकोटी पेटवली, पांघरुणं दिली. ते सहाही वाचले.

या घटनेनंतर २०२१ मध्ये चीननं अशा जोखमीच्या स्पर्धा स्थगित केल्या होत्या.

त्यामुळे आडवाटेच्या ट्रेलवर पळायला जाणार असाल, तर जॅकेट आणि कोरडा कपडा स्वतःच्याच पाठीवर ठेवा. हुडहुडी भरली की आधी जॅकेट चढवा, आडोसा गाठा आणि डोकं ताळ्यावर आहे तोवरच मागे फिरा.