पेटी, पोपट आणि पलंग

मेहकर-लोणारच्या टापूत, आणि अर्थातच आमच्या हिवरा आश्रम या गावातही, लवणासुराची कथा ज्या भाविक स्वरात सांगितली जाते तो स्वर थोडा वेळ बाजूला ठेवून निव्वळ कथानकाकडे पाहिले, तर ती विलोभनाची, फसवणुकीची आणि रक्तपाताची, प्रौढांनी प्रौढांना सांगावी अशी एक विलक्षण चतुर लघुकथा आहे, हे कबूल करावे लागते. दैत्य भूविवरात दडून बसलेला, त्याचे ठिकाण कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा साक्षात विष्णू शस्त्र परजण्याऐवजी देखण्या तरुणाचे रूप घेऊन येतो, दैत्याच्या दोघी बहिणी त्याच्यावर भाळतात, भाळलेल्या अवस्थेत भावाचा ठावठिकाणा सांगून बसतात, आणि मग पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवून तो दैत्यसूदन झोपेतल्या शत्रूचा निकाल लावतो. सरोवराचे पाणी म्हणजे त्या दैत्याचे रक्त आणि त्यातला क्षार म्हणजे त्याचे मांस, असे लोक मानतात. अकबराच्या काळी मेहकर ही वऱ्हाड सुभ्याची एक सरकार, म्हणजे सुभ्याचा एक विभाग, होती आणि 'आईन-इ-अकबरी'त या क्षाराचा काच व साबणाच्या कामी होणारा उपयोग आणि त्यावर मिळणारा महसूलही नोंदलेला आहे; म्हणजे फसवून मारलेल्या दैत्याच्या मांसावर बादशाही खजिन्यात वसूल जमा होत होता. याहून काळा विनोद एखाद्या कथालेखकाला सुचणे कठीण.

त्या बहिणींचे पुढे काय झाले, हे मात्र कथा सांगणारा सांगत नाही, आणि माझ्या मते या वाङ्मयप्रकाराचे मर्म त्या मौनातच आहे. चोरी झालेला मनुष्य चावडीवर जाऊन ओरडू शकतो, मार खाल्लेला जखम दाखवू शकतो. परंतु मोहाने फसलेल्या माणसाची फिर्याद हीच त्याची कबुली असते, आणि म्हणून तो गप्प बसतो. मराठी मुलुखातील या जातीच्या कथांचा मागोवा घेऊ लागले म्हणजे दोन हजार वर्षांत वेश बदलले, भाषा बदलली, छापखाना आला, कायदा आला, तरी हे गप्प बसणे बदलले नाही, असे दिसते.

प्रतिष्ठानच्या सातवाहन दरबाराशी हालाची 'गाथासप्तशती' आणि गुणाढ्याची 'बृहत्कथा' ही दोन नावे परंपरेने जोडलेली आहेत. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये सप्तशतीची विस्तृत मराठी आवृत्ती काढली तेव्हा महाराष्ट्री प्राकृतातील तो शृंगार सामान्य मराठी वाचकाच्या हाती आला. विंचू चावल्याचे सोंग करून, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत सखींच्या आधाराने वैद्याच्या घरी, म्हणजेच प्रियकराच्या घरी, पोचणारी स्त्री तेथे दोन ओळींत भेटते. नवऱ्याला संशय आला असेल काय? गाथा ते सांगत नाही. आणि आला असला तरी विषबाधेच्या उपचारावर हरकत घेणारा नवरा गावात कोणत्या तोंडाने फिरणार?

'बृहत्कथा' मूळ स्वरूपात नष्ट झाली, पण सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त तिच्यातली म्हणून जी उपकोशेची कथा येते, तिच्याइतकी बांधेसूद रचना मला या प्रकारात अन्यत्र आढळली नाही. पती वररुची तपश्चर्येला हिमालयात गेलेला. मागे एकट्या राहिलेल्या उपकोशेच्या पाठीस राजपुत्राचा सचिव, राजपुरोहित आणि दंडाधिकारी लागतात, आणि पतीची ठेव ज्याच्यापाशी आहे तो वाणी हिरण्यगुप्त तर ठेवीच्या बदल्यात तीच मागणी करतो. ती चौघांनाही एकाच रात्रीचे निरनिराळे प्रहर नेमून देते. पहिला येतो, स्नानावाचून जवळ येणे नाही म्हणून अंधाऱ्या खोलीत दासी त्याला सुगंधी लेपाच्या नावाखाली तेलात कालवलेले काजळ सर्वांगाला फासतात, इतक्यात दुसऱ्याची चाहूल लागते आणि पहिल्याची रवानगी एका मोठ्या पेटीत होते, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. शेवटी आलेल्या वाण्याकडून ती पेटीशेजारी उभे राहून ठेव परत देण्याचे वचन वदवून घेते आणि गृहदेवतांना साक्षी ठेवते. त्यालाही काजळ फासून पहाटे कुत्र्यांच्या तोंडी बाहेर काढले जाते. नंदराजाच्या दरबारात वाणी कानांवर हात ठेवतो, तेव्हा ती देवतांची पेटी मागवते, आणि आतले तिघे काजळलेले प्रतिष्ठित गृहस्थ, पेटी जाळण्याचा धाक ऐकून, निमूटपणे तिच्या बाजूने जबानी देतात. न्यायाधीशच मुद्देमाल होऊन दरबारात रुजू होतो, ही कल्पना ज्याला सुचली त्याला राज्यकारभाराची पुरती ओळख असली पाहिजे. आणि लक्षात घ्या, चौघांपैकी एकाने तोंड उघडून मला फसविले असे म्हटले असते, तर उपकोशेची अडचण झाली असती. पण म्हणणार कोण?

'शुकसप्तती'तला पोपट याहून सोज्ज्वळ, आणि म्हणून मला थोडा कमी प्रिय. प्रवासाला गेलेल्या धन्याची पत्नी प्रभावती रोज रात्री प्रियकराकडे निघते आणि पोपट रोज एक व्यभिचाराचीच गोष्ट सांगून, त्यातल्या स्त्रीने प्रसंग कसा निभावला असेल असा प्रश्न टाकून, तिला उंबरठ्याच्या आत ठेवतो. पापाच्या गोष्टी सांगून पाप टाळण्याची ही युक्ती इतकी सोयीची होती की तिचा फारसीत 'तूतीनामा' झाला आणि मराठीतही ती वावरली. ते मराठी रूप मात्र १८९७ मध्ये रिचर्ड श्मिट या जर्मन पंडिताने जर्मनीत छापले. आमच्या विद्वानांना त्याची निकड भासली नसावी. एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' आणली आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टींना हात घातला खरा, परंतु शाळाखात्याच्या सावलीत वाढलेल्या गद्याने त्यातला चावटपणा पुष्कळसा धुऊन काढला.

खरे पुनरुज्जीवन झाले ते दिवाळी अंकांत. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, तिच्या पोटी पुढे गंभीर वाङ्मय जन्मले तसेच ज्यांना पाहुण्यांपुढे उशीखाली सारावे लागे असे अंकही जन्मले. १९५१ पासून मधुकर पाटकरांचा 'आवाज' निघू लागला. त्यातल्या खिडकीचित्रांचा महिमा आमच्या पिढीला निराळा सांगावा लागत नाही. वरच्या पानाला पाडलेल्या झरोक्यातून एखादा अर्धवट, उत्तेजक वाटणारा अवयव दिसावा, वाचकाने इकडेतिकडे पाहून पान उलटावे, आणि आत कोणी निरुपद्रवी काका भोपळा चिरत बसलेले निघावेत, ही त्याची रीत. येथे विलोभन आणि फसवणूक कथेतून उठून थेट गिऱ्हाइकावरच चालून आली. आणि गिऱ्हाईक संपादकाकडे तक्रार करू शकत नव्हते, कारण तक्रार करायची तर आपण त्या झरोक्यात काय पाहण्याची अपेक्षा केली होती हे लिहून द्यावे लागले असते. विवेकानंदांच्या नावाने चालणाऱ्या आश्रमाच्या आमच्या गावात तर असे पान उलटण्याला देखील एक प्रकारचे धैर्य लागे.

फिर्याद झाली ती निराळ्याच ठिकाणी. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता व श्यामा या स्त्रिया, एवढाच तिचा मामला. पुण्याच्या दंडाधिकाऱ्याने तिच्यावरचा अश्लीलतेचा आरोप नाशाबीत ठरविला. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून लेखकास पंचवीस रुपये दंड केला आणि त्याच्या ताब्यातील प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कथेला थोर वाङ्मयीन मूल्य आहे असे न मानताही, संपूर्ण कथा वाचून पाहता ती अश्लील ठरत नाही असा निर्णय देऊन काकोडकरांना मोकळे केले. पंचवीस रुपयांसाठी दिल्लीपर्यंत गेलेल्या या माणसाच्याच 'नीलांबरी' या कादंबरीवरून त्याच वर्षी 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला आणि देशभर सहकुटुंब पाहिला गेला. मुकदमा न्याय्य संपला यात शंका नाही. पण माझे जरा वेगळे गाऱ्हाणे आहे. 'श्यामा'त विलोभन आहे, फसवणुकीची बुद्धी नाही. उपकोशेच्या पेटीसारखी कळ तिच्यात असती, तर वाचक हसला असता, आणि हसलेल्या वाचकाविरुद्ध कोणताही दंडाधिकारी हतबल असतो. यानंतरच्या कित्येक अंकांनी न्यायालयाची मोकळीक तेवढी उचलली आणि शेज ठेवून कळ सोडून दिली.

कळ ज्यांनी राखली ते दोघे १९६५ सालचे. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'तील पोक्या जी मुंबई सांगतो तीत मुली पटविणारे आणि पटविल्याच्या बढाया मारणारे यांतली सीमारेषाच दिसत नाही. आचार्य अत्र्यांनी त्या पुस्तकावर तोफ डागली, पण मला ते हसत हसत घशाशी आणणारे, अत्यंत नीतिमान पुस्तक वाटत आले आहे. दुसरे वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा', मूळचा छपरी पलंगाचा वग. मैनेच्या नादी लागलेला कोतवाल तिच्या हट्टापायी प्रत्यक्ष राजाचा पलंग चोरतो. ज्याने तपास करायचा तोच चोर. दादा कोंडक्यांच्या हवालदाराला प्रेक्षक हसत राहिले, पण पेटीतल्या दंडाधिकाऱ्याचा तो कोतवाल थेट वंशज आहे, हे त्या गडगडाटात कोणाच्या ध्यानी आले असेल असे वाटत नाही. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने हाच व्यवहार, मुलगी नाना फडणवीसांना देऊन पुण्याची कोतवाली घेणारा बाप उभा करून, इतका काळा केला की पुढे हसणे जड जावे.

त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे मला पुष्कळशी रिकामी दिसतात. आता तर ही कथा छापील पान सोडून भ्रमणध्वनीत शिरली आहे: अनोळखी क्रमांकावरून व्हिडिओ कॉल यावा, पडद्यावर एक स्त्री दिसावी, आणि घटकाभराने त्याच पडद्यावरचे आपले ध्यान आप्तेष्टांना धाडण्याची धमकी व पैशाचा तगादा सुरू व्हावा. वर्तमानपत्रांतून अशा बातम्या नित्य येतात, तरी सामग्री अशी आयती पडलेली असता आमच्या कथालेखकांनी तिला हात कसा लावला नाही याचे आश्चर्य वाटते. एखादे सेवानिवृत्त मंडळ अधिकारी घ्यावेत, सप्ताहाच्या समितीवरचे, गावात ज्यांच्या शब्दावर बांधाचे तंटे मिटतात असे. निवृत्तिवेतनातून तीन हप्ते भरून झाल्यावर ते ठाण्यात जातात, ठाणे अंमलदार अदबीने खुर्ची देतो, कोरा कागद पुढे सरकवतो आणि घडले ते सविस्तर लिहा म्हणतो. ते टोपी सारखी करतात, पुष्कळ वेळ विचार करतात, आणि मग सुवाच्य अक्षरात लिहितात की, मेहकरच्या आठवडी बाजारात आपला मोबाइल गहाळ झाला आहे, तरी नोंद व्हावी.