यादीवर खूण, वहीत जखम
वाराणसीतल्या दूधविनायकच्या मराठी घरांना जवळचं मोठं सरकारी रुग्णालय कबीरचौऱ्याचं. अशा रुग्णालयांसाठीची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आठ अंगं तपासतात. उपचारांचा परिणाम हे त्यांतलं एकच, पण सर्वांत बोलकं. तो परिणाम साध्या यादीनेही सुधारू शकतो: २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीसह आठ शहरांतल्या अभ्यासात १९ मुद्द्यांची तपासणी-यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. भूल देण्याआधी रुग्णाचं नाव आणि शस्त्रक्रियेची जागा पडताळायची, रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्याआधी बोळे नि सुया मोजून झाल्याची खात्री करायची, अशी ती साधी कामं. यादी नुसत्या खुणा करून भरली जाते, हा आक्षेप खराच. म्हणून तर चिघळलेल्या जखमाही मोजायला हव्यात. अत्यवस्थ रुग्ण जास्त तिथे हा आकडा चढाच दिसणार. तेव्हा तुलना खासगी रुग्णालयाशी नको, त्याच वॉर्डाच्या मागच्या महिन्यांशी करावी.