सागो पाम: दलदलीतला पिठाचा वृक्ष

न्यू गिनी बेटाच्या सखल भागात आणि पश्चिमेकडच्या मालुकू बेटांवर, जेथे जमीन वर्षातील बराच काळ गोड्या पाण्याखाली राहते आणि धान्याचे पीक तग धरत नाही, तेथे सागो पामची दाट राने उभी असतात. माडाच्या कुळातील या वृक्षाचे शास्त्रीय नाव मेट्रोझायलॉन सागू असे असून त्याच्या खोडातील पिठावर तेथील अनेक समाज पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत.

या वृक्षाचे खोड साधारण १० ते १५ मीटर उंच वाढते आणि त्याच्या टोकाशी कित्येक मीटर लांबीच्या पिसासारख्या झावळ्यांचा झुबका असतो. त्याच्या जीवनक्रमातील निर्णायक गोष्ट अशी की प्रत्येक खोड आयुष्यात एकदाच, बहुधा दहा-पंधरा वर्षांनी, शेंड्याला प्रचंड फुलोरा काढते आणि खवल्यांच्या सालीची फळे पिकल्यावर मरून जाते. कोकणातील भेर्ली माडही फुलोऱ्याचा काळ संपल्यावर असाच मरतो, आणि त्याच्या गाभ्यातूनही पीठ काढले जात असे. सागो पामचे बेट मात्र टिकून राहते, कारण बुंध्यापासून फुटलेले मुनवे मेलेल्या खोडाची जागा घेतात.

फुलोऱ्याच्या या एकमेव खर्चासाठी वृक्ष वर्षानुवर्षे खोडाच्या गाभ्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, साठवत राहतो. ते फुलण्यापूर्वीच काढावे लागते. फुले-फळे धरू लागली की साठा झपाट्याने आटतो आणि खोडात केवळ तंतू उरतात. शेंड्याकडील नवी पाने आखूड येऊ लागली की वेळ जवळ आली, हे जाणकार खालूनच ओळखतात, आणि या वृक्षासंबंधीचे सर्वांत मोलाचे ज्ञान बहुधा हेच आहे.

तोडलेले खोड उभे चिरून आतला गाभा कठीण लाकडाच्या हत्याराने ठेचून काढतात. मग झावळीच्या रुंद बुडख्याची पन्हळ करून, तिच्यात नारळाच्या पोगीभोवतालचे जाळीदार वेष्टन गाळणीसारखे बसवून, त्यावर तो भुसा पाणी ओतत मळला जातो. पीठ पाण्याबरोबर खाली उतरते, चोथा वर राहतो, आणि पाणी संथ झाल्यावर तळाशी पांढरा साका बसतो. एका चांगल्या खोडातून १५० ते ३०० किलो कोरडे पीठ मिळू शकते. ओल्या पिठावर उकळते पाणी ओतून घोटल्यावर होणारी पारदर्शक, चिकट पापेडा हळद घातलेल्या माशाच्या रश्श्याबरोबर खातात. पिठात प्रथिने जवळजवळ नसल्यामुळे मासे ही चैन नसून गरज असते, आणि कुजत्या खोडांत वाढणाऱ्या सोंड्या भुंग्याच्या अळ्याही आवडीने खाल्ल्या जातात. कोकणातील माडाचा बागायतदार ज्या भुंग्याला भितो, त्याच्याच वंशातील हा कीटक.

झावळ्यांनी घरे शाकारली जातात आणि त्यांच्या हलक्या, टणक देठांच्या भिंती उभारतात, ज्यांना मालुकूत गाबा-गाबा म्हणतात. न्यू गिनीच्या सेपिक खोऱ्यातील क्वोमा लोक देठांचे पसरट पापुद्रे रंगवून विधिगृहांच्या छतांना लावतात.

निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस याने १८६९ च्या ‘द मलय आर्किपेलागो’ या ग्रंथात हिशेब मांडला की एका चांगल्या वृक्षापासून एका माणसाचे वर्षभराचे अन्न निघते आणि त्याला दोन पुरुष व दोन स्त्रियांचे पाच-पाच दिवसांचे श्रम पुरतात. हिशेब मोलाचा आहे. परंतु अन्न इतके स्वस्त असल्याने माणसे आळशी होतात, हा त्याने काढलेला निष्कर्ष पटण्याजोगा नाही. दहा-पंधरा वर्षांची वाढ सांभाळणे, नेमका क्षण हेरणे, मुनवे राखणे आणि बेटांची कुळाकुळांतील मालकी पाळणे हे सारे त्या दहा दिवसांच्या गणितात आलेलेच नाही.

मराठी घरांतील उपवासाच्या साबुदाण्याचे नाव याच सागोवरून आले असले, तरी त्यातील पीठ आता या वृक्षाचे नसते. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारी आवक थांबल्यावर तमिळनाडूच्या सेलम परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा बनू लागला, आणि पुढे तोच देशभर रूढ झाला. खुद्द मालुकू आणि न्यू गिनीतील पापुआतही सागोच्या जागी तांदूळ वाढत गेला आहे. २०१० मध्ये इंडोनेशियाने पापुआच्या मेरौके भागात मोठा शेतीप्रकल्प जाहीर केला, आणि जेथे अशी शेती वा पाम तेलाचे मळे दलदलीचा निचरा करतात, तेथे सागोची बेटेही नाहीशी होतात.