दम का लागतो?

चढण चढली की दम लागतो. पोतं उचललं की दम लागतो. घटकाभर बसलं की तो ओसरतो. त्यात भिण्यासारखं काही नाही. मेहनत वाढली की शरीराला हवा जास्त लागते.

पण चार घरं चालताच धाप लागली तर? बसल्या जागी दम लागला तर? तेव्हा मात्र वेळ घालवू नये.

तीन वर्षांमागे आमच्या मंडळींना असंच होऊ लागलं. नळावरून हंडा आणताना त्या दोनदा टेकत. आम्ही म्हटलं, "वय झालं आता. चालायचंच!" सहा महिने तसेच गेले. एके दिवशी त्यांना घेरी आली. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरी फटक! रक्त तपासलं, ते फार कमी निघालं. दोष वयाचा नव्हता. उभा जन्म आम्ही मुलांना वाचायला शिकवलं, पण घरातली ही खूण आम्हाला वाचता आली नाही.

हे कसं होतं ते पाहू. हवेत प्राणवायू असतो. फुप्फुसं तो आत घेतात. रक्त तो वाहून नेतं. हृदय ते रक्त अंगभर ढकलतं. तिघांपैकी एकाचं काम बिघडलं तरी धाप लागते.

फुप्फुसं कशानं बिघडतात? दम्यात श्वासाच्या नळ्या आवळतात, छातीत सूं सूं वाजतं. बिडीचा आणि चुलीचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला तरी फुप्फुसं खराब होतात. क्षयात खोकला २ आठवड्यांहून जास्त टिकतो, बारीक ताप येतो, वजन घटतं. त्याची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

हृदय थकलं तर पाय सुजतात. आडवं पडलं की गुदमरतं, उठून बसावं लागतं.

रक्त कमी झालं तर माणूस फिकट दिसतो, लवकर थकतो. गरोदर बायांत हे फार आढळतं. पोटातले जंत, मूळव्याध, पाळीत जास्त रक्त जाणं, हीही कारणं असतात.

एकाएकी दम कोंडला, छातीत कळ आली, ओठ निळे पडले, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ नंबर फिरवा.

आमच्या मंडळी औषधानं बऱ्या झाल्या. हंडा मात्र आता आम्ही आणतो.