खोलीतील बाग आणि तिचा खर्च

शहरातील सदनिकेला अंगण नसते, परसदार नसते. तुळशीलादेखील खिडकीच्या जाळीत जागा शोधावी लागते. अशा घरात कोणाला झाडांचा नाद लागला की बाजार त्याला लगेच ओळखतो. वेष्टनावर ‘रोपांसाठी खास’ एवढे छापले की साध्या वस्तूचा भाव चढतो. दोन महिन्यांत रोपे वाळली म्हणजे, हा श्रीमंतांचा छंद आहे असे ठरवून गृहस्थ कुंड्या जिन्याखाली सारतो. वस्तुतः रोपाला वस्तूची छाप कळत नाही. त्याला प्रकाश, पाणी, हवा आणि थोडे क्षार हवे असतात, आणि ते पुरविणाऱ्या वस्तू साध्या नावाने साध्या दुकानांत मिळतात.

प्रकाशाचेच पाहा. जांभळट उजेडाचे ‘ग्रो लाइट’ महाग असतात. पानांतील हरितद्रव्य मुख्यतः तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते, हे त्यांचे समर्थन खरे आहे. परंतु पांढऱ्या एलईडी दिव्यात हे दोन्ही रंग असतातच, आणि त्यातील हिरवा भागही पान सर्वस्वी वाया घालवीत नाही. म्हणून मेथी, कोथिंबीर, पुदिना किंवा मिरचीची कोवळी रोपे यांना विजेच्या दुकानातील साधा पांढरा दिवा चालतो. वेष्टनावर ६५०० के हा आकडा असला म्हणजे झाले. खरी मेख आहे ती अंतरात. छताचा दिवा माणसाला पुरतो, रोपाला नव्हे. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. यास्तव दिवा शेंड्यापासून वीतभर वर टांगावा आणि रोप वाढेल तसा उचलीत जावा. ९ वॅटचा दिवा रोज १२ तास जळला, तरी ३० दिवसांत सुमारे सव्वातीन युनिट वीज लागते. टोमॅटोला फळ धरण्यास मात्र एवढा उजेड पुरत नाही. तेथे उन्हाची खिडकीच हवी.

कुंडीविषयी फार बोलण्याचे कारण नाही. खानापूर व डिचोली येथील कुंभारांची कला जुनी आहे, आणि मातीच्या कुंडीची सर दुसऱ्या कशाला नाही. पण तेलाचा रिकामा डबाही काम देतो. तळाला भोके मात्र हवीत. भोकांऐवजी तळाशी खडी वा खापऱ्यांचा जाड थर घालण्याचा प्रघात निरुपयोगी आहे. पाणी थरावरच्या मातीत अडून राहते आणि मुळे कुजतात.

परदेशी पुस्तकांत ‘पीट’ची शिफारस असते. आपल्याकडे काथ्या काढल्यावर उरणारा नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजेच कोकोपीट, तेच काम करतो. त्यात क्षार असू शकतात, म्हणून तो भिजवून दोनदा धुवावा. मग तांबडी माती व गांडूळखत मिसळावे.

खताच्या छोट्या शोभिवंत बाटलीत तर बहुतेक पाणीच असते. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ या नावाचे विद्राव्य खत मागावे. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे ते प्रमाण आहे. लिटरभर पाण्यात १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, एवढे पुरे. या हिशेबाने १ किलो खताचे १००० लिटर द्रावण होते. चार शेजाऱ्यांनी मिळून एक पुडा घेणेच शहाणपणाचे. उरलेले खत हवाबंद डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. ओलावा मोजण्याचे यंत्र घेण्याऐवजी बोट दोन पेरे मातीत खुपसावे.

काटकसर दोन ठिकाणी करू नये. शेतातील कीटकनाशक सुट्या बाटलीतून घरात आणू नये. पिठ्या ढेकणाला लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाचे थोडे थेंब, संध्याकाळी फवारलेले, सहसा पुरतात. दुसरे ठिकाण विजेचे. दिवा भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असलेला घ्यावा, जोडलेल्या वायरी टाळाव्यात, खटक्याची पेटी कुंडीखाली कधीही ठेवू नये. वायर खटक्याकडे नेताना तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी खटक्यात न शिरता जमिनीवर ठिबकेल.